हातचा

अगदी कडेवरून कापू नये,
हे मास्टर अबाबिओंनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
पातं केसभर सरकतं, विनाइल उन्हानं ताणतं,
आणि माणसाचा कान जातो.
म्हणून चित्राबाहेर एक रेघ काढायची,
चित्राला न शिवता
त्याचीच सगळी वळणं घेत जाणारी,
मूल पाटीवर पंजा ठेवून
भोवती पेन्सिल फिरवतं तशी.

किती अंतर ठेवायचं ते आकड्यात सांगावं लागतं.
बाटलीच्या लेबलाला दीड,
चर्चच्या बिल्ल्याला दोन,
मेलेल्या माणसाला तीन मिलिमीटर.
का ते मी विचारलं नाही.

सेरवा गुरुवारी आली.
काळं वस्त्र, डोक्याला लाल पट्टी,
पायांना सुआमेच्या गॅरेजांचं तेल.
भाऊ ओफोरी, ओबुआसीच्या लाइनवर ट्रोट्रो चालवायचा.
चाळीस स्टिकर हवेत,
स्टेशनातल्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेला एक.
शनिवारी माती.

फोटो फोनमधला, कुणाच्या तरी लग्नातला.
मी मागची माणसं पुसली,
मांडव पुसला, प्लास्टिकच्या खुर्च्या पुसल्या.
ओफोरी एकटा उरला, कमरेवर हात ठेवून.
तीन टाकलं, कोपरे गोल ठेवले.
कोपर आणि बरगडी यांच्यामधल्या तिकोनी फटीत
संगणकानं आपल्या मनानंच दुसरी रेघ मारली.
ती काढून टाकली.
एवढासा तुकडा आधी सुटतो, मग वाऱ्यानं सगळंच सुटतं.

मग रेघेला डाव्या खांद्यावर
टेंगूळ आलेलं दिसलं.

हात होता.
मनगटापर्यंतच, पुढचं मी मांडवाबरोबर पुसलेलं.
बोटात हिरव्या खड्याची अंगठी,
नखांचा रंग अर्धा उडालेला.
सेरवा खुर्ची ओढून पडद्याला चिकटून बसली.
मोठं कर, म्हणाली. आणखी मोठं कर.
आठशे टक्क्यांना खडा चार चौकोनांचा झाला.

कुणाचा आहे?
तिनं मला विचारलं. मला!

काप, म्हणाली.
मी म्हटलं, कापतो, पण त्याच्याखालचा खांदा कुठून आणू?
फोटोत तो नाहीच.
उजवा उचलून उलटा करून लावता येईल,
शर्टाचे पट्टे जुळवता येतील,
कुणाला कळणार नाही.

तेवढ्यात दुमसोर. वीज गेली.
अंधारात आम्ही दोघं आणि शेजारच्या जनरेटरची धडधड.
ती बोलू लागली, मला उद्देशून नसावं:
रविवारी उशिरा यायचा. जेवून आलो म्हणायचा.
आई विचारायची, कुठे जेवलास?
हसायचा.

वीज आली. फाइल जतन केलेली नव्हती,
पुन्हा सगळं पुसलं,
मांडव, खुर्च्या, माणसं.
या वेळी मनगटाजवळ आल्यावर माझा हात थांबला
आणि तिनं हळूच म्हटलं, राहू दे.

मग रेघ त्याच्यावरूनही गेली,
तीन मिलिमीटर दूरूनच,
बोटांमधल्या खाचा भरून काढत.
यंत्रानं कोपऱ्यांतल्या चार काळ्या खुणा वाचल्या
आणि पातं चाळीस वेळा
डोक्यावरून उतरून त्या टेंगळाला वळसा घालून आलं.
वरचं विनाइल कापलं, खालचा कागद शाबूत.
तेवढंच दाबायचं असतं.

पैसे मोजताना तिनं विचारलं,
भोवती हे पांढरं का?
मी म्हटलं, हातचं राखून ठेवतो आम्ही.
ती म्हणाली, तोही.

ती गेल्यावर उरलेली जाळी मी सोलली.
चाळीस ओफोरी नसलेलं एक पांढरं पान,
प्रत्येक भोकाला डाव्या बाजूला जरासा फुगवटा.
उजेडासमोर धरलं तर समोरचं वेल्डिंगचं दुकान दिसत होतं,
चाळीस वेळा, तुकड्यातुकड्यानं.
मास्टर म्हणाले, फेक की आता.
चुरगळायला गेलो तर स्वतःलाच चिकटली,
मग माझ्या मनगटाला.
थुंकी लावून काढावी लागली,
थोडे केसही गेले.